कुणी ‘ये’ म्हटलं, तर

परंतुबाई हे नाव तिला तिच्या धाकट्या भावाने ठेवलं आणि ते असं चिकटलं की खऱ्या नावाने कुणी हाक मारली, तर तीच मागे वळून दुसरी कोण आहे ते बघायची.

आधी ती कुकरच्या कारखान्यात माहितीपत्रकं लिहायची. ‘वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नये, परंतु शिट्टी अडकली असल्यास वाफ गेली असे समजू नये.’ तिच्या ह्या एका परंतुने किती हात वाचले कोण जाणे. आभाराचं पत्र कधी आलं नाही. न भाजलेला माणूस कशाला पत्र लिहील?

भाऊ जन्माचा टवाळ. शाळेत बाकावर उभा, कॉलेजात दाराबाहेर उभा, आणि नोकरी लागली तीही टवाळीचीच. फर्निचरच्या गोदामावर तिसऱ्या मजल्यावर चार खोल्यांची एक कंपनी होती. ती पत्ते काढायची. राजा-राणीचे नव्हेत, राक्षस, चेटकिणी, उडते किल्ले, बोलणारी हाडं. पाकीट बंद मिळायचं, आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. लोक पत्ते जमवायचे, अदलाबदल करायचे, आणि साठ पत्त्यांचा आपापला गठ्ठा घेऊन एकमेकांसमोर बसायचे. प्रत्येक पत्त्यावर वर चित्र, मधे नियम, आणि एका बारीक रेघेखाली तिरक्या अक्षरांत गमतीची एक ओळ. ह्या ओळी भाऊ लिहायचा. ‘आळशी राक्षस दर तिसऱ्या पाळीला हल्ला करतो’ हा नियम. खाली ओळ, ‘उरलेल्या दोन पाळ्या तो विचार करतो, असं त्याची आई म्हणते.’ ‘विसराळू चेटकीण’खाली, ‘सासऱ्याचा बेडूक केला खरा. आता तळ्यातल्या बेडकांत सासरा कुठला, ते आठवत नाही.’

हसणारे हसले, पण भांडणारेही निघाले. दगडी माणूस मरत नाही असा नियम. मग चेटकिणीने त्याचा बेडूक केला, तर तो बेडूक मरतो की नाही? लोक पत्रं लिहू लागले. साहेबांनी कपाळाला हात लावला, तेव्हा भाऊ म्हणाला, “माझी एक बहीण आहे. ती झोपेत सुद्धा ‘परंतु’ म्हणते.”

अशी ती आली. रेघेच्या वर बहीण, रेघेच्या खाली भाऊ. नियमांचं पुस्तक बारा पानांचं होतं, ते सतरा वर्षांत दोनशे बारा पानांचं झालं. एकेक पळवाट बुजवायला ती एकेक परंतु लावायची, आणि प्रत्येक परंतुला भोक पाडून नवी पळवाट निघायची. उंदीर आणि गवंडी यांचा संसारच तो.

“विनोद समजावून सांगितला की मरतो,” भाऊ म्हणायचा, “आणि नियम समजावून सांगितला नाही की मरतो. म्हणजे ताई, आपल्या दोघांतलं एक कुणीतरी कायम मरणारच.”

“टेबलावरून पाय खाली घे,” ती म्हणायची.

दोघांचंही लग्न झालं नाही. तिचं ठरता ठरता राहिलं. त्याचं ठरवायला कुणी धजावलंच नाही. आईसोबत दोघं एका जुन्या इमारतीत राहायची. तिथला जिना लाकडी, आणि वरून दुसरी पायरी सैल. पाय पडला की कुरकुरायची. आईचे डोळे अधू झाले होते, कान मात्र मांजराचे. कोण आलं ते ती पायरीवरून ओळखायची. लहानपणापासून भावाची एक खोड होती. त्या पायरीवर पाय ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा. दोनदा कुरकुर. मग दारातून ओरडायचं, “आई, पाहुणा आणलाय!” आई लगबगीने हात पुसत “या, या” करत पुढे यायची आणि दारात हा एकटाच दात काढत उभा. चाळीस वर्षं आई फसली. फसत होती की फसल्याचं दाखवत होती, हा नियम परंतुबाईला कधी उलगडला नाही.

आठ महिन्यांपूर्वी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, भाऊ कंपनीतल्या तिच्या खोलीच्या दारात आला. खांद्याला पिशवी. म्हणाला, “येतो गं ताई.”

ती एका वाक्यात अडकली होती. साखळीने बांधलेला ड्रॅगन उडणारा धरायचा की नाही? तिने मान वर न करता एक बोट उभं केलं, म्हणजे थांब. तो थांबला. ‘येतो’ म्हणणाऱ्याला ‘ये’ म्हणायचं, एवढं एक अक्षर. ते अक्षर ओठावर होतं. वाक्य पुरं झालं तेव्हा तिने मान वर केली, तर दार मोकळं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो बसलेला सापडला, भिंतीला टेकून, पिशवी मांडीवर. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. तो दारात किती वेळ उभा होता, ते तिने नंतर कितीदा तरी मोजून पाहिलं. ते वाक्य लिहायला अकरा सेकंद लागत.

बांधलेला ड्रॅगन उडणारा धरू नये, असं ते वाक्य.

त्याचा खण तिने सहा महिने उघडला नाही. उघडला तेव्हा पेन्सिलीचे तुकडे, खोकल्याच्या गोळ्या आणि एक पत्ता निघाला. नव्या संचासाठीचा, त्याच्या अक्षरातला. नाव ‘पाहुणा’. त्याखाली नियम:

‘पाहुणा टेबलावर आहे तोवर टेबलावर एक खेळाडू जास्त आहे. तीन फेऱ्या झाल्या की पाहुणा जातो. जाताना येतो म्हणावं. पुढच्या डावात येतो.’

रेघेच्या वर तो कधी लिहीत नसे. आणि रेघेखाली, जिथे त्याची जागा, तिथे काहीच नव्हतं.

चित्रकाराने चित्र आधीच रंगवून ठेवलं होतं. एक रिकामी खुर्ची, मागे अर्धं उघडं दार, दारात पाठमोरं कुणीतरी. जातंय की आत्ताच आलंय, सांगता येऊ नये असं. “चेहरा काढू नकोस म्हणाला होता,” चित्रकार म्हणाला. “ज्याच्या घरी जाईल तो ओळखेल म्हणे. मला काय, काम वाचलं.”

साहेबांनी पत्ता उलटासुलटा केला. “शेवटचा आहे त्याचा. छापूच. पण हा नियम आहे का गं? हे तर निरोपाचं पत्र वाटतं. शुक्रवारी दुपारी बाराला छापखाना मागणार. तोवर ह्याला हातपाय फोड. नाही फुटले, तर वगळू.”

तिला तो वगळायचा नव्हता. आणि परंतु लावून मारायचाही नव्हता. एवढंच एक हवं होतं, आणि तेवढंच अवघड होतं.

कंपनीत पत्ते छापण्याआधी खेळून पाहणारे दोघं होते. एक मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले, हरले की फळा पुसल्यासारखा हात हवेत फिरवणारे. दुसरी चिमणी, अंगाने एवढीशी म्हणून हे नाव, आवाज मात्र गोदामातल्या हमालांना ऐकू जाणारा. खेळायच्या खोलीत एक गोल टेबल, चार खुर्च्या. एका खुर्चीचा पाय आखूड होता, त्याखाली वगळलेल्या पत्त्यांची घडी. ती खुर्ची भावाची.

सोमवारी सकाळी दोघांनी पाहुणा खेळून पाहिला. ती कोपऱ्यात वही घेऊन बसली. चिमणीने पाहुणा ठेवला. मग मास्तर खेळले, चिमणी खेळली, आणि दोघं थांबले. बोलले नाहीत, चुळबुळले नाहीत. कुणी विचार करत असेल तर आपण थांबतो, तसे थांबले. मग मास्तरांनी पान ओढलं आणि खेळ पुढे गेला.

“थांबलात का मघाशी?” तिने नंतर विचारलं.

“कधी?” मास्तर म्हणाले.

“तुमच्या दोघांच्या खेळ्या झाल्यावर.”

“पाहुण्याची पाळी होती ना,” चिमणी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं नसावं, कारण ती लगेच चहाचं बघायला गेली.

मंगळवारी ती घड्याळ घेऊन बसली. पहिल्या फेरीत अकरा सेकंद. दुसऱ्या फेरीत अकरा. तिसऱ्या फेरीनंतर तिने टेबलाकडे पाहिलं, तर आखूड पायाच्या खुर्चीपुढे एक पत्ता पालथा पडला होता.

“हा कुणी ओढला?”

“मास्तरांनी,” चिमणी.

“मी कशाला ओढू? हिनेच ओढला.”

“देवाशप्पथ नाही हं!”

तिने पत्ता उलटा केला. विसराळू चेटकीण. ती हातात आली की भाऊ पहिल्यांदा तीच टाकायचा, हरणार असला तरी. ‘तिला बाहेरची हवा लागू दे,’ म्हणायचा. परंतुबाईने पत्ता पुन्हा पालथा ठेवला, होता तसाच, आणि हात पदराला पुसले. हात कोरडेच होते.

दिवसाढवळ्या, रहदारीचा आवाज खिडकीतून येत असताना, खाली हातोडे ठोकले जात असताना भीती वाटते ती वेगळीच. अंधाराला दोष देता येत नाही.

बुधवारी तिने नियमाला हात घातला. सगळा घोळ तीन शब्दांत होता. ‘म्हणावं’, पण कुणी? ‘डाव’ कुठला? आपल्यात डाव म्हणजे एक फेरीही, अख्खा खेळही आणि एखाद्याला फसवायची युक्तीही. आणि सगळ्यात वाईट शब्द ‘येतो’. मी येतो, तो येतो, दोन्ही एकच.

“आणि मी काय म्हणायचं?” चिमणीने विचारलं. “मी बाई माणूस. मी म्हणणार ‘येते’. मग परत कोण येणार, पाहुणा का मी?”

“तू गेली कुठे होतीस?” मास्तर म्हणाले.

“तेच तर! न जाता परत आले तर दोन होईन मी.”

“नको, एकच पुरे आहे,” मास्तर म्हणाले.

तिने लिहायला घेतलं. पाहुण्याच्या मालकाने, परंतु मालक स्त्री असल्यास. पुढच्या डावात, परंतु डाव म्हणजे. येतो असे मोठ्याने, परंतु मुका खेळाडू असल्यास. संध्याकाळपर्यंत नऊ परंतु झाले. अक्षरं मोहरीएवढी केली तरी पत्त्यावर मावेनात. चिमणीने कागद नाकाशी धरून वाचला.

“बरोबर आहे सगळं,” ती म्हणाली. “पण आता ह्यात हसायचं कुठे?”

परंतुबाईने कागद परत घेतला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भावाला कुणीतरी दुसऱ्यांदा बसवून ठेवलंय, असं तिला वाटलं.

गुरुवारी पाच वाजता ती अजून तशीच कागदावर वाकलेली होती. चिमणी दारात आली. “येते हं ताई.”

तिने मान हलवली. लिहीत राहिली. थोड्या वेळाने तिला जाणवलं की दारातला उजेड अजून अडलेलाच आहे. मान वर केली. चिमणी उभी होती, छत्री बगलेत धरून.

“काय गं, काही विसरलीस?”

“नाही. तुम्ही ‘ये’ म्हटलं नाहीत.”

“म्हणायलाच हवं का?”

“असं काही नाही,” चिमणी ओशाळून हसली. “पण नाही म्हटलं ना, की पाय निघत नाही. गेलं तरी आपण दारातच राहिल्यासारखं वाटतं.”

परंतुबाईच्या हातातली पेन्सिल खाली गेली. “ये,” ती घाईने म्हणाली. “ये, ये. सांभाळून जा. जिना बघून उतर.”

चिमणी गेली. तिची पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत, मग पहिल्या, मग रस्त्यावर ऐकू येईपर्यंत ती श्वास धरून बसली.

सतरा वर्षं तिने दोनशे बारा पानांत जाणाऱ्याचे नियम लिहिले होते. कोण जातं, कधी, कुठे, पुन्हा कसं. जाणारा अर्धाच नियम बोलतो, उरलेला अर्धा राहणाऱ्याच्या तोंडात असतो, हे तिला एका चिमणीने शिकवावं! आणि ‘ये’ला लिंग नाही. ‘ये’ कुणाला म्हटलं ते म्हणणाऱ्याला ठाऊक असतं. ‘ये’ म्हटल्यावर कुठल्या डावात, हा प्रश्नच उरत नाही. तिने नऊच्या नऊ परंतु खोडले. उरलं ते असं:

‘पाहुणा टेबलावर आहे तोवर टेबलावर एक खेळाडू जास्त आहे. तीन फेऱ्या झाल्या की पाहुणा ‘येतो’ म्हणतो आणि जातो. कुणी ‘ये’ म्हटलं, तर येतो.’

शुक्रवारी सकाळी साहेबांनी ते वाचलं आणि त्यांना हसू फुटलं. पहिल्या वाचनाला साहेब हसले, असं भावाच्या ओळींवरच व्हायचं. मग गंभीर झाले.

“कुणी म्हणजे कोण? पत्त्याचा मालक?”

“कुणीही. जो राहिला असेल तो.”

“किती वेळात म्हणायचं? त्याच डावात? दहा मिनिटांनी म्हटलं तर? घरी जाऊन म्हटलं तर?”

ही पळवाट तिला दिसली नव्हती असं नाही. एवढी मोठी होती की तिच्यातून माणूस ये-जा करू शकला असता.

“परंतु नाही?” साहेबांनी विचारलं. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

“परंतु नाही.”

“लोक पत्रांचा पाऊस पाडतील.”

“मी उत्तरं देईन.”

“आणि रेघेखालची ओळ? ती कोरी आहे.”

“रेघच काढून टाका,” ती म्हणाली. “ह्या पत्त्यात ओळ वर आली आहे.”

साडेअकराला शेवटचा डाव खेळून पाहिला. ह्या वेळी ती कोपऱ्यात बसली नाही, टेबलाशी बसली, आखूड पायाच्या खुर्चीसमोर. पहिली फेरी. अकरा सेकंद. दुसरी. तिसऱ्या फेरीनंतर सगळे थांबले. खाली हातोडेही नेमके तेव्हाच थांबले होते.

“आता तो ‘येतो’ म्हणाला, असं धरायचं ना?” चिमणी हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज पहिल्यांदाच सगळ्यांना कळला.

“धरायचं.”

“‘या’ म्हटलं तर चालेल का?” मास्तरांनी शंका काढली. “पाहुण्याला आपण ‘या’ म्हणतो. अहोजाहो.”

“नाही चालणार. ‘या’ परक्याला. नियमात ‘ये’ आहे.”

मास्तरांनी चिमणीकडे पाहिलं, चिमणीने तिच्याकडे. कुणाचंच तोंड उघडेना. खेळच तर होता. एका अक्षराचा प्रश्न. परंतुबाईने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. म्हटलं आणि कुणी आलं नाही, तर? म्हटलं आणि आलं, तर? दोन्ही वाक्यांना तिच्याकडे परंतु नव्हता.

मास्तरांनी पाहुणा उचलून बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. “गेला,” ते म्हणाले, आणि हवेत हात फिरवून फळा पुसला.

बाराला छापखान्याचा माणूस आला आणि पत्ता घेऊन गेला.

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळी घरी निघाली. ऊन अजून गच्च्यांवर होतं. कोपऱ्यावर मटार घेतले, इमारतीत शिरली, जिना चढू लागली. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. वरून दुसऱ्या पायरीवर तिचा पाय पडला आणि पायरी कुरकुरली. ती वरच्या पायरीवर गेली, मग दारापुढच्या फरशीवर. किल्ली शोधायला पिशवीत हात घातला.

मागे पायरी पुन्हा कुरकुरली.

लाकूड आहे. दाबलं गेलं की सुटताना आवाज करतं. असं कुठल्याही माहितीपत्रकात लिहिता आलं असतं. तिने मागे पाहिलं नाही. तिने मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आईची पावलं, भिंतीला हात लावत लावत, दाराशी आली. कडी निघाली. दार अर्धं उघडलं. आई नेहमीसारखी हात पुसत होती, तिच्या अधू डोळ्यांनी लेकीच्या खांद्यावरून मागे बघत. सात. आठ. परंतुबाईला ठाऊक होतं, आता आई “या, या” म्हणेल. चाळीस वर्षं तेच म्हणत आली होती. ‘या’ चालणार नाही, नियमात ‘ये’ आहे.

दहा.

आईने मान किंचित कलती केली, कान देऊन ऐकावं तशी. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, उशीर झाल्याचा किंचित राग होता.

“ये,” आई म्हणाली.

आणि परंतुबाई पिशवी छातीशी धरून दारातून बाजूला सरकली, एका माणसाला आत जाता येईल एवढी.